‘थांबली’ म्हणणारा दिवा

मित्रांनो, कुणी समोर उभं राहून माझ्याकडे कौतुकानं पाहू लागलं की मला अवघडल्यासारखं होतं. मी दिव्यांचा एक जुना बोर्ड आहे. पाच फूट रुंद, चार फूट उंच, पत्र्याचा, फिकट राखाडी रंगाचा. माझ्या तोंडावर एका कारखान्यातले रस्ते कोरलेले आहेत आणि त्या रस्त्यांवर बारीक बारीक दिवे आहेत. बिनचालकाच्या गाड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाचे डोळे म्हणून मी अकरा वर्षं काम केलं. त्यातली पहिली तीन वर्षं मी त्या माणसाशी खोटं बोललो. ते कसं घडलं आणि त्याची किंमत कुणी दिली, ते मला तुम्हांला सांगायचं आहे.

माझा जन्म १९८६ साली डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान शेडमध्ये झाला. मला घडवलं उत्तम साटपुते नावाच्या इंजिनियरनं. साटपुते तिशीचे होते, बोलायला कमी आणि हाताला फार नेटके. ठाण्यात कोलशेतला खाडीच्या बाजूला रंगाचा एक मोठा कारखाना होता. भरलेले ड्रम गोदामात नेण्यासाठी तिथे चार नव्या गाड्या यायच्या होत्या. त्या गाड्यांना ना चालक होता, ना रूळ. फरशीखाली एक तार पुरली होती. तिचा माग काढत गाड्या आपापल्या जाणार, ड्रम उतरवून आपापल्या परत येणार. चारही गाड्यांवर मिळून एकच माणूस लक्ष ठेवणार होता. त्यानं वरच्या काचेच्या केबिनमध्ये बसायचं, आणि त्याला जे दिसणार नाही ते मी दाखवायचं.

साटपुत्यांनी मला आधी पुठ्ठ्यावर काढलं. तो पुठ्ठा काखोटीला मारून ते कल्याणच्या आपल्या घरून एस.टी.नं ठाण्याच्या खोपट स्थानकात आले आणि तिथून कोलशेतला. केबिनमध्ये ज्याला बसवायचं ठरलं होतं, त्याच्यापुढे त्यांनी पुठ्ठा उभा केला. त्याचं नाव परशुराम नाखवा. तो कोलशेतच्या कोळीवाड्यातला. त्याचे वडील भिवाजी अजून खाडीत होडी घालायचे. हा मात्र बारा वर्षं कारखान्यात रंग भरायच्या खात्यात होता. साटपुत्यांनी त्याला विचारलं, घाई झाली तर तुझी नजर आधी कुठे जाईल? हात आधी कुठे जाईल? परशुराम डावखुरा होता. गाड्या थांबवायची चारही बटणं साटपुत्यांनी उजवीकडून डावीकडे आणली. त्या दोघांनी पुठ्ठ्यावर दुपारभर खाडाखोड केली. इतक्या काळजीनं घडवलं गेल्याचा मला पुढे फार अभिमान वाटायचा. म्हणून तर आज जास्त लाज वाटते.

परशुरामनं आणखी एक गोष्ट मागितली. बोर्डावरची अक्षरं मराठीत हवीत. त्याला इंग्रजी वाचता येत होतं, पण गडबडीत मराठीच आधी वाचलं जातं, असं त्याचं म्हणणं. साटपुत्यांना ते पटलं. मूळ नकाशात प्रत्येक गाडीच्या लाल दिव्याखाली ‘स्टॉप’ असं लिहायचं होतं. त्या जागी काय लिहावं, याचा ब्रश हातात धरून त्यांनी बराच विचार केला. ‘थांबवा’ की ‘थांबली’? शेवटी त्यांनी पांढऱ्या रंगात स्वच्छ अक्षरांत लिहिलं, ‘थांबली’.

तो शब्द खरा ठरणार होता, पण एका अटीवर. गाडीची चाकं थांबली की गाडीनं तसा निरोप परत पाठवायचा आणि तो मिळाल्यावरच माझा लाल दिवा लागायचा. हा निरोप आणणारा भाग परदेशातून यायचा होता. तो आला नाही. उद्घाटनाची तारीख मात्र ठरली होती, पाहुण्यांना आमंत्रणं गेली होती. तेव्हा साटपुत्यांनी माझी पाठ उघडली आणि लाल दिव्याची तार सरळ थांबवायच्या बटणाला जोडली. आता बटण दाबलं की दिवा लागणार होता. गाडी थांबो, न थांबो. त्या तारेवर त्यांनी चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि पेननं लिहिलं, ‘तात्पुरतं’.

उद्घाटनाला नारळ फुटला, हार घातले गेले. पाहुणे केबिनमध्ये आले आणि माझ्यासमोर उभे राहून मान हलवत राहिले. परशुरामनं बटण दाबलं, दिवा लागला, खाली गाडी थांबली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी माझ्या पोटात काय जोडलं होतं, ते फक्त साटपुत्यांना आणि मला ठाऊक होतं.

पुढे चार महिन्यांनी तो परदेशी भाग आला. खोक्यातून काढून तो स्टोअरमध्ये फळीवर ठेवला गेला. कारखान्याचे मॅनेजर गुप्ते साहेब म्हणाले की बोर्ड उत्तम चाललाय, आता कशाला गाड्या बंद ठेवायच्या? साटपुत्यांनी दोनदा आठवण केली. मग तेही दुसऱ्या कामांत गुंतले. आणि खरं सांगायचं तर गाड्या रोज थांबतच होत्या. खोटं रोज खऱ्यासारखं दिसत होतं. मलाही हळूहळू वाटू लागलं की मी खरंच सांगतोय.

परशुरामचा माझ्यावर फार विश्वास होता. सकाळी आल्यावर तो स्वच्छ फडक्यानं माझं तोंड पुसायचा. केबिनमधून त्याला रंग भरायचं खातं दिसायचं, पण गोदामाच्या भिंतीपलीकडची वाट दिसायची नाही. तिथे गाड्यांचा रस्ता ओलांडायची एक जागा होती. पलीकडे जाणाऱ्यानं तिथली घंटी वाजवायची. परशुरामनं येणाऱ्या गाडीचं बटण दाबायचं. बटण दाबलं की इथे माझा लाल दिवा लागायचा आणि चालणाऱ्यासाठी तिथल्या भिंतीवर हिरवा. तो हिरवा दिवाही त्याच बटणावर होता.

ती जागा सगळ्यांत जास्त ओलांडायची मनुबाई. ती शेजारच्या बाळकुम गावची. ड्रमवर लेबलं चिकटवायची आणि रिकामी गोणपाटं गोदामात नेऊन टाकायची. पन्नाशीला आलेली, काठीसारखी ताठ चालणारी बाई. दिवसातून पंधरा वेळा तिची घंटी वाजायची. ती दोनदा वाजवायची, बाकीचे एकदा. त्यामुळे न बघताही परशुरामला कळायचं की मनुबाई आहे.

१९८९ च्या फेब्रुवारीतली ती दुपार. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. घंटी दोनदा वाजली. दोन नंबरची गाडी त्या वाटेवर होती. परशुरामनं डाव्या हातानं तिचं बटण दाबलं. मी लाल दिवा लावला. ‘थांबली.’

गाडी थांबली नव्हती. तिच्या पोटातला ब्रेक लावणारा छोटा रिले, म्हणजे विजेचा खटका, चिकटून बसला होता. हुकूम पोचला, ब्रेक लागला नाही. भिंतीपलीकडे हिरवा दिवा लागला आणि डोक्यावर गोणपाटांचा भारा घेतलेल्या मनुबाईनं पाऊल टाकलं.

पलीकडून किंकाळी आली. परशुरामनं ऐकलं. तो खुर्चीवरून उठला, पण आधी त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझा दिवा लागलेलाच होता. म्हणून तो क्षणभर थबकला. गाडी थांबलेली आहे, मग ओरडतंय कोण, असं त्याला वाटलं असावं. तो एक क्षण माझ्यामुळे गेला. मग तो धावत खाली गेला. गाडी खांबाला धडकून उभी होती आणि मनुबाईचं डावं पाऊल चाकाखाली होतं. माणसं जमली, त्यांनी गाडी उचलली, बाईला टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. तितका वेळ रिकाम्या केबिनमध्ये मी तसाच होतो. माझ्या तोंडावर लाल दिवा जळत होता आणि त्याखाली लिहिलं होतं, ‘थांबली’.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती सगळ्यांत लांब दुपार होती.

चार दिवसांनी चौकशी झाली, माझ्यासमोरच. खांबाच्या धडकेनं तो चिकटलेला रिले सुटला होता. त्यामुळे बटण दाबून पाहिलं तेव्हा गाडी शहाण्यासारखी थांबली आणि माझा दिवाही लागला. परशुराम एवढंच सांगत राहिला, “मी बटण दाबलेलं, साहेब. लाल दिवा लागलेला.” गुप्ते साहेबांचा हिशेब सरळ होता. बटण दाबलं की गाडी थांबते. गाडी थांबली नाही, म्हणजे बटण दाबलं नाही. त्यांनी साटपुत्यांकडे वळून विचारलं की बोर्डात काही दोष आहे का.

साटपुते माझ्याकडे बघत होते. ते म्हणाले, “दिवा बरोबर लागतो.”

हे वाक्य खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं. साटपुतेही माझ्याच वळणावर गेले.

परशुरामला घरी बसवलं. त्याच्या जागी गुणाजी नावाचा माणूस आला. एकदा परशुराम आपलं सामान न्यायला केबिनमध्ये आला. डबा आणि छत्री घेऊन तो दारात उभा राहिला. मग त्यानं गुणाजीला हळूच विचारलं, “गुणाजी, मी खरंच दाबलेलं का रे? मला आता आठवतच नाही नीट.” गुणाजी काय सांगणार? तो तिथे नव्हताच. मी होतो. मला ठाऊक होतं की त्यानं दाबलं होतं. पण मला चार लाल आणि रस्त्यांवरचे काही बारीक दिवे एवढीच भाषा होती, आणि त्या भाषेत ‘चूक माझी आहे’ असं म्हणायची सोय कुणी केलेली नव्हती. एका चांगल्या माणसाचा स्वतःच्या हातावरचा विश्वास माझ्यामुळे उडाला, हे मी पाहिलं आणि गप्प राहिलो.

मनुबाई सात आठवडे दवाखान्यात होती. तिचं पाऊल घोट्यापासून काढावं लागलं. एप्रिलमध्ये ती कुबडी घेऊन कारखान्यात आली. सोबत तिची सून शेवंती होती. मनुबाईला बाळकुममध्येच कळलं होतं की परशुरामला घरी बसवलंय. ती गेटवर म्हणाली की मला वरच्या केबिनमध्ये जायचंय, मला साहेबांशी बोलायचंय. लोक म्हणाले, साहेब खाली येतील. ती ऐकेना. केबिनचा लोखंडी जिना ती एकेक पायरी चढून आली. तिच्या कुबडीचा आघात मला पत्र्यातून जाणवत होता. योगायोगानं साटपुते त्या दिवशी तपासणीला आले होते. गुप्ते साहेबही आले.

मनुबाईनं बसायला नकार दिला. ती उभ्यानंच म्हणाली, “मना कुनी इचारलंच नाय. हिरवी बत्ती पेटली, तवाच मी पाय टाकला. त्यानं बटन दाबल्याबिगर ती बत्ती पेटंल का? तुमीच सांगा.”

गुप्ते साहेबांनी साटपुत्यांकडे पाहिलं. दोन महिने सगळ्यांनी चौकशीचे कागद भरले होते आणि जिचा पाय गेला तिलाच विचारायचं राहून गेलं होतं.

  साटपुत्यांनी गुणाजीकडे पेचकस मागितला. माझी पाठ उघडली. ती तार बोटात धरून बाहेर ओढली. चिकटपट्टीचा तुकडा पिवळा पडला होता, अक्षरं अजून वाचता येत होती.

“साहेब, हा दिवा गाडीकडून लागत नाही,” ते म्हणाले. “बटणाकडून लागतो. बाहेरचा हिरवाही. परशुरामनं बटण दाबलं होतं. हे मी जोडलंय, आणि त्या दिवशी चौकशीत मी हे सांगितलं नाही.”

मनुबाईला तारा कळत नव्हत्या. पण तिला मुद्दा कळला. तिनं माझ्याकडे कुबडीनं दाखवत विचारलं, “म्हंजी गाडी उबी ऱ्हायली का नाय, ह्याला ठावंच नव्हतं?”

“नव्हतं,” साटपुते म्हणाले.

“मंग थांबली असं कशाला लिवलं?”

 ती आमच्याकडे, म्हणजे साटपुत्यांकडे आणि माझ्याकडे, थोडा वेळ बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. मग शेवंतीच्या खांद्यावर हात ठेवून ती जिना उतरायला लागली. उतरायला तिला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

साटपुत्यांनी त्याच दिवशी सगळं लिहून दिलं. त्यांच्या डोंबिवलीच्या मालकांना ते मुळीच आवडलं नाही. वर्षाच्या आत त्यांची तिथली नोकरी गेली. पण परशुरामला पत्र पाठवून परत बोलावलं गेलं. गाड्या महिनाभर बंद ठेवल्या. तेवढ्या दिवसांत साटपुते परशुरामची माफी मागायला कोळीवाड्यात गेले. हे मी नंतर त्यांच्या बोलण्यातून ऐकलं. परशुराम वडिलांसोबत जाळं दुरुस्त करत बसला होता. त्यानं साटपुत्यांना बसायला पाट दिला, चहा दिला आणि पुन्हा जाळं हातात घेतलं. शेवटी तो एवढंच म्हणाला, “साहेब, आम्ही जाळं टाकलं तिथं बघत नाही. जाळ्याचा बोया तरंगताना दिसतो तिथं बघतो. मधे पाणी असतंय, ते जाळं कुठंही नेतंय.”

त्या वाक्यावर साटपुत्यांनी मला पुन्हा घडवलं. फळीवरचा तो परदेशी भाग धूळ झटकून माझ्या पोटात बसवला. आता लाल दिव्याची तार गाडीच्या चाकांकडून येत होती, आणि बाहेरचा हिरवा दिवाही चाकांनी सांगितल्याशिवाय लागत नव्हता. पण त्यांनी आणखी एक काम केलं. बटण दाबल्यापासून चाकं थांबेपर्यंतचा जो वेळ असतो, त्याला माझ्या तोंडावर जागाच नव्हती. त्यांनी प्रत्येक गाडीला एक पिवळा दिवा दिला. त्याखाली परशुरामला विचारून लिहिलं, ‘सांगितलंय’. म्हणजे हुकूम गेलाय, उत्तर आलेलं नाही. त्या पिवळ्या दिव्याला घंटाही वेगळ्या आवाजाची दिली. तीन सेकंदांत लाल झाला नाही तर ती वाजायची.

त्यानंतर आठ वर्षं मी काम केलं. १९९३ साली एकदा चार नंबरच्या गाडीचा ब्रेक तसाच चिकटला. पिवळा दिवा लागला आणि पिवळाच राहिला. घंटा वाजली. परशुरामनं मुख्य वीज तोडली. भिंतीपलीकडे हिरवा दिवा लागलाच नव्हता, म्हणून तिथे उभ्या असलेल्या काळुराम नावाच्या हमालानं पाऊल टाकलं नव्हतं. कुणाला खरचटलंही नाही. टाळ्या वाजल्या नाहीत, पाहुणे आले नाहीत. काळुराम तर घंटी परत परत वाजवून वैतागला होता.

परशुराम परत आला, पण पूर्वीसारखं त्यानं माझं तोंड पुन्हा पुसलं नाही. सफाईवाला पुसायचा. बटण दाबलं की परशुराम खुर्चीवरून अर्धा उठून काचेतून खाली बघायचा, जिथलं काही दिसत नव्हतं तिथेही. मला त्याचं वाईट वाटायचं, पण तक्रार करायचा हक्क माझा नव्हता. मनुबाईला कामगारांनी भांडून लेबलांच्या खोलीत बसून करायचं काम मिळवून दिलं. ती केबिनमध्ये पुन्हा कधी आली नाही. तिची दोनदा वाजणारी घंटीही मी पुन्हा ऐकली नाही. मी नंतर कितीही खरं बोललो, तरी तिचं पाऊल परत आलं नाही. सुधारलेल्या माणसालाही हे ओझं असतंच, नाही का? बोर्डालाही असतं.

१९९७ साली कारखान्यात संगणक आला. माझी जागा एका पडद्यानं घेतली आणि मला स्टोअरच्या मागे टेकवून ठेवलं. भंगारवाला दोनदा बघून गेला. तिसऱ्यांदा येण्याआधी साटपुते आले. ते तोवर कल्याणच्या एका तांत्रिक शिक्षणाच्या संस्थेत शिकवू लागले होते. केस पिकले होते. त्यांनी मला मागून घेतलं आणि वर्गाच्या भिंतीला लावलं.

दर वर्षी नव्या मुलामुलींपुढे ते मला चालू करतात. मला आता एकही गाडी जोडलेली नाही. ते कुणाला तरी पुढे बोलावतात आणि बटण दाबायला सांगतात. पिवळा दिवा लागतो. लाल होत नाही. घंटा वाजत राहते. गेल्या वर्षी एका मुलीनं बटण दाबलं, वाट पाहिली आणि ओशाळून विचारलं, “सर, हे बिघडलंय का?”

“नाही,” साटपुते म्हणाले. “त्याला माहीत नाही. आणि तो तसं सांगतोय.”

मग त्यांनी मनुबाईची गोष्ट सांगितली. स्वतःचं नाव त्यांनी त्या गोष्टीतून वगळलं नाही.  दरवेळी ती गोष्ट ऐकून मुलं माझ्याकडे बघतात. त्या वेळी मला वाटतं, कुणीतरी माझ्यावर चादर टाकावी.

पण मित्रांनो, नका टाकू. बघा माझ्याकडे. तुमच्यातले कुणी उद्या अशी यंत्रं कराल, जी लांबच्या, न दिसणाऱ्या गाड्यांची खबर कुणाला तरी देतील. तो कुणीतरी तुमच्या दिव्यावर विश्वास ठेवेल आणि दुसरं कुणी त्याच्या विश्वासावर पाऊल टाकेल. तेव्हा दिवा लावताना त्याची तार कुठून येते ते बघा. काम अर्धवट राहिलं तर ते चिकटपट्टीवर नको, समोरच्या बाजूला लिहा. आणि ज्याला माहीत नाही, त्याला ‘माहीत नाही’ म्हणता येईल एवढी जागा त्याच्या तोंडावर ठेवा. मला ती जागा मिळाली, पण एका बाईच्या पावलानंतर मिळाली.